मारोतीचं तोंड दक्षिणेलाच हवं: वाट शिकवणारं आभासी गाव कसं उभारायचं

चिमूर तालुक्यातल्या खेड्यात नवी आरोग्यसेविका किंवा रुग्णवाहिकेचा नवा चालक रुजू झाला की पहिला पावसाळा त्याची परीक्षा घेतो. गावठाणापर्यंत डांबरी असते, फोनमधला नकाशाही तिथवर साथ देतो. पुढे टोलीवर, म्हणजे गावठाणाबाहेरच्या वस्तीवर, जायचं तर पांदण. पांदणीला तीन वाटा फुटतात: एक मामा (माजी मालगुजारी) तलावाच्या पाळीवरून, एक नाल्यातून आणि एक कोणाच्या तरी धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, जाऊन संपणारी. रात्री दोनला फोन आला तर वाट विचारायला रस्त्यावर कुत्रंही भेटत नाही.

तालुक्याच्या ठिकाणी मी संगणकाचे वर्ग घेतो. दोन माजी विद्यार्थ्यांना हाताशी धरून अशाच एका गावाचं आभासी रूप आम्ही तयार केलं. नव्या माणसाने खुर्चीत बसून वाटा शिकाव्यात, एवढाच हेतू होता. पहिली खेप सपशेल फसली. दुसरी बरी जमली. तुम्ही एकदम दुसऱ्या खेपेपासून सुरुवात करावी म्हणून हे लिहितो आहे.

कागदावर भागत असेल तर कागदच बरा

गावात एक रस्ता आणि चार गल्ल्या असतील तर ड्रॉइंग पेपरवर नकाशा काढा, चहा पाजून माणसाला एकदा फिरवून आणा, झालं. आभासी परिसराचे कष्ट तेव्हाच घ्यावेत जेव्हा वाटांचे फाटे बरेच आहेत, प्रत्यक्ष सराव अवघड किंवा धोक्याचा आहे (रात्र, पूर, वाघ) आणि शिकणारी माणसं दर दोन-तीन वर्षांनी बदलत राहतात. आमच्याकडे तिन्ही गोष्टी होत्या.

नेमकं काय शिकवायचं?

"गाव माहीत असणं" यात तीन वेगळी ज्ञानं मिसळलेली असतात. सिगेल आणि व्हाइट या दोघा मानसशास्त्रज्ञांनी 1975 मध्ये ती वेगळी करून मांडली. पहिलं खुणांचं ज्ञान: हा मोठा मोह, ही पाण्याची टाकी. दुसरं वाटेचं: मोहापाशी डावीकडे, मग टाकी दिसेपर्यंत सरळ. तिसरं आराखड्याचं, म्हणजे घारीला वरून दिसावं तसं: टोली शाळेच्या आग्नेयेला आहे, मधे नाला आहे, नाला भरला तर पाळीवरून वळसा घालता येतो. ही तीन ज्ञानं एकामागून एक अशाच क्रमाने येतात, असं आता कोणी म्हणत नाही; काहींना पहिल्या फेरीतच आराखड्याचा थोडा अंदाज येतो. पण काय शिकवायचं ते ठरवायला ही विभागणी अजून उत्तम कामाला येते.

आपल्याकडच्या शेतकऱ्याला तिसरं ज्ञान नवं नाही. खरेदीखतात चतुःसीमा लिहिलेली असते: पूर्वेस अमक्याचं शेत, पश्चिमेस पांदण, उत्तरेस नाला, दक्षिणेस सरकारी जागा. अशा माणसाला "उत्तरेकडचा धुरा" म्हटलं की पुरतं. शहरातून आलेला तरुण मात्र "डावीकडे, उजवीकडे" एवढ्यावरच चालतो, आणि परतताना डावं-उजवं उलटं झालं की अडकतो. आपला परिसर बांधायचा तो या तरुणासाठी.

म्हणून सुरुवातीलाच एका ओळीत उद्दिष्ट लिहून भिंतीला चिकटवा. आमचं असं होतं: "नाल्याला पूर असताना, रात्री, फोन न पाहता, उपकेंद्रातून दोन्ही टोल्यांवर पोचता आलं पाहिजे." पुढे कौलं किती सुंदर दिसावीत यावर वाद झाला, तेव्हा याच ओळीने तो मिटवला.

गाव गोळा करणं

हे काम लॅपटॉपवर होत नाही. चप्पल घाला.

आधी कागद जमवा. महाभूनकाशाच्या संकेतस्थळावर गावाचा नकाशा भूमापन क्रमांकांसह दिसतो. पूर्व विदर्भातल्या गावांची आणखी एक ठेव म्हणजे निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज. चराई, जळण, पाणी, वहिवाटीच्या वाटा यांचे गावाचे हक्क त्यांत नोंदलेले असतात. तलाठ्याकडे विचारून पाहा. आज झुडपांनी झाकलेली एखादी जुनी वाट तिथे सापडते, आणि पुरात कधी कधी नेमकी तीच कामाची ठरते. ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या खुल्या नकाशावर रस्ते असतील तर जरूर घ्या, मात्र नकाशाचा आधार घेतल्याचा उल्लेख तुमच्या कामात करणं बंधनकारक आहे.

मग फोनमध्ये जीपीएसने वाट नोंदवणारं एखादं ॲप सुरू ठेवून प्रत्येक वाट दोन्ही बाजूंनी चाला. उघड्या शेतात फोन साधारण पाच मीटर इकडेतिकडे चुकतो, दाट झाडीत त्याहून जास्त. म्हणून फाट्यावर मिनिटभर थांबा, चारही दिशांना फोटो काढा आणि वहीत लिहा: "इथून टाकी दिसते का? देवळाचा कळस दिसतो का?" काय दिसतं आणि काय लपतं ही यादी सगळ्यांत मोलाची. घराच्या भिंतीचा रंग नंतर कधीही सांगता येतो.

सोबतीला गुराखी घ्या. दिवसभर गुरांमागे फिरणाऱ्या माणसाइतकं गाव कोणालाच माहीत नसतं. आमच्यासोबत आलेल्या काकांनी पहिल्याच दिवशी दोन रिठं दाखवली, उठून गेलेल्या गावांच्या जागा. नकाशावर त्यांचं नावसुद्धा नव्हतं, पण गावात प्रत्येक जण वाट सांगताना "रिठाच्या अलीकडे" असं म्हणतो.

जंगलालगतच्या वाटा एकट्याने मोजायच्या नाहीत. मोहफुलं वेचायच्या दिवसांत, पहाटे आणि तिन्हीसांजेला तर मुळीच नाहीत. ताडोबाच्या आसपास राहणाऱ्याला हे सांगावं लागत नाही, पण हा लेख वाचून बाहेरून येणाऱ्याला सांगावं लागतं.

लोकांच्या अंगणाचे, बायकांच्या पाणवठ्याचे फोटो विचारल्याशिवाय घेऊ नका, आणि आभासी गावात घरमालकांची नावं टाकू नका. "कौलारू घर, दारात कडुलिंब" एवढं पुरतं.

जमीन अंथरणं, आणि आमची फजिती

आम्ही गोडॉट हे संगणकावरचे खेळ बनवायचं सॉफ्टवेअर वापरलं. ते मोफत आहे, मुक्त परवान्याचं आहे आणि जुन्या लॅपटॉपवर चालतं. नवीन प्रकल्प उघडताना "कम्पॅटिबिलिटी" ही चित्रण-पद्धत निवडा, नाहीतर साध्या ग्राफिक्सचं यंत्र धापा टाकतं. घरं-झाडं घडवायला ब्लेंडर. नकाशे जुळवायला क्यूजीआयएस. तिन्हींना पैसे पडत नाहीत.

क्यूजीआयएसमध्ये अक्षांश-रेखांश मीटरमध्ये बदलावे लागतात. इथे विदर्भाचे दोन तुकडे पडतात: 78 अंश रेखांशाच्या पूर्वेला यूटीएमचा (पृथ्वी उभ्या पट्ट्यांत वाटून मीटरमध्ये मोजण्याच्या पद्धतीचा) 44 वा पट्टा लागतो, पश्चिमेला 43 वा. चंद्रपूर, वर्धा, यवतमाळ शहर 44 मध्ये. अमरावती शहर, अकोला 43 मध्ये. पट्टा चुकला तर गाव भलत्याच जागी जाऊन बसतं. मीटर मिळाले की त्यांतून शाळेच्या पायरीचे आकडे वजा करा, म्हणजे शाळा शून्य-शून्यवर येईल. लाखांतले आकडे तसेच ठेवले तर दशांश अपुरे पडतात आणि चालताना दृश्य थरथरतं.

आता फजिती. गोडॉटमध्ये एक एकक म्हणजे एक मीटर. एक्स अक्ष पूर्वेला धरला तर उत्तर झेडच्या उणे बाजूला येते. आम्ही उत्तर झेडच्या अधिक बाजूला टाकली. गाव छान दिसत होतं. रस्ते जागेवर, तलाव जागेवर, आम्ही खूश. काकांना बोलावून पडद्यावर फिरवलं. देवळापाशी आल्यावर ते थांबले आणि म्हणाले, "सर, मारोती उत्तरेकडं पाहून राह्यला! आपला मारोती तं दक्षिणेकडं पाह्यते."

अख्खं गाव आरशातलं झालं होतं. प्रत्येक डावं वळण उजवं. ते शिकून एखादा चालक रात्री निघाला असता तर टोलीऐवजी तलावात गेला असता. म्हणून जमीन अंथरल्यावर सगळ्यांत आधी, एकही घर बांधण्यापूर्वी, तीन ओळखीच्या जागा टाका आणि गावातल्या माणसाकडून तपासून घ्या. आम्ही त्याला अजूनही "मारोती-तपासणी" म्हणतो.

उंचसखलपणासाठी अंतराळातून मोजलेली मोफत आकडेवारी मिळते. 2000 साली अंतराळयानातून जमिनीची उंची मोजणाऱ्या एसआरटीएम मोहिमेची आकडेवारी साधारण 30 मीटरच्या चौकोनाला एक उंची देते. टेकडीला ते ठीक. मामा तलावाची पाळ मात्र त्यात हरवते, कारण ती काही मीटरच रुंद असते. आणि वाट शिकण्याच्या दृष्टीने पाळच मोठी गोष्ट आहे: ती पलीकडचं सगळं झाकते, आणि पुरात तीच रस्ता होते. तेव्हा पाळ आणि नाल्याचं पात्र टेप घेऊन मोजा आणि हाताने घडवा. बाकी शिवार सपाट ठेवलं तरी चालतं.

आधी खोकी, मग खुणा

पहिले दोन आठवडे फक्त करडी खोकी. घर म्हणजे खोका, देऊळ म्हणजे खोका आणि वर शंकू. विद्यार्थ्यांना हे आवडत नाही, त्यांना पहिल्या दिवशी कौलं आणि कोंबड्या हव्या असतात. पण खोक्यांच्या गावात फिरूनच कळतं की कुठल्या फाट्यावर माणूस गोंधळतो, आणि त्या फाट्यावर प्रत्यक्षात कोणती खूण आहे ते शोधायला तुम्ही परत जाता.

शहरांच्या मनातल्या चित्रावर केव्हिन लिंच यांनी 1960 मध्ये जी मांडणी केली, ती खेड्यालाही बसते. माणसाच्या डोक्यातला परिसर पाच गोष्टींनी बनतो: वाटा, कडा, वस्त्या, नाके आणि खुणा. आपल्या गावात कडा म्हणजे नाला, पाळ, जंगलाची हद्द. वस्त्या म्हणजे गावठाण, टोल्या, आखर (गुरं जमवायची जागा). नाका म्हणजे पारापुढची मोकळी जागा, जिथे चार वाटा आणि सगळ्या बातम्या एकत्र येतात. ही पाच मथळ्यांची यादी केली की काय बांधायचं आणि काय सोडायचं ते आपोआप ठरतं. आमच्या गावातल्या बहुतेक घरांना आम्ही शेवटपर्यंत खोकीच ठेवलं. कोणाचं काही अडलं नाही.

खुणा दोन प्रकारच्या लागतात. दुरून दिसणाऱ्या, ज्यांच्यावरून दिशा कळते: पाण्याची टाकी, मोबाइलचा टॉवर. आणि फाट्यावरच्या, ज्या "इथे वळ" म्हणतात: वाकडा मोह, मातामायचं ठाणं, पडकी विहीर. फाट्यावरची खूण वळण घेण्याआधी दिसली पाहिजे. वळल्यावर दिसणारी खूण फक्त चुकलो हे सांगते. तणसाचा ढीग, उभी बैलगाडी, कापसाची गंजी या खुणा टाकू नका, त्या पुढच्या महिन्यात नसतात.

ऋतूचं काय करायचं? हा प्रश्न आम्ही उशिरा विचारला. मे महिन्यात उपकेंद्राच्या दारातून टोलीचं पहिलं घर दिसतं. दिवाळीनंतर मधे डोक्याएवढी तूर उभी असते, आणि टोली गायब. साग उन्हाळ्यात निष्पर्ण, पावसाळ्यात भिंतीसारखा. पळस फुलला की तेवढे दिवस कोणीही ओळखेल, नंतर तो इतर झुडपांत हरवतो. त्यामुळे एकाच गावाच्या दोन आवृत्त्या करा, उन्हाळी आणि पावसाळी. जमीन तीच, फक्त पिकं, पाला आणि नाल्याचं पाणी बदलायचं. पिकांसाठी मल्टिमेश, म्हणजे एकाच झाडाच्या हजारो प्रती एकदम काढणारी गोडॉटमधली सोय, वापरा. तुरीची हजारो झाडं वेगवेगळी टाकली तर लॅपटॉप मान टाकेल.

सूर्य खऱ्या जागी उगवू द्या. सावली हे फुकटचं होकायंत्र आहे. रात्रीच्या आवृत्तीत मात्र सावलीही नसते आणि टाकीही दिसत नाही. तिथे टॉवरवरचा लाल दिवा आणि गाडीच्या उजेडात येणारी फाट्यावरची खूण, एवढंच हाती राहतं. पिठाच्या चक्कीचा आवाज, देवळातला भोंगा हेही त्या-त्या जागेवरून ऐकू येतील असे ठेवा, पण चक्की रात्री दोनला सुरू नसते हे विसरू नका.

चालणं कसं वाटायला हवं

गोडॉटच्या तयार नमुन्यात पात्र सेकंदाला 5 मीटर जातं, म्हणजे ताशी 18 किलोमीटर. चालणारा माणूस सेकंदाला सुमारे 1.4 मीटर जातो. दोन किलोमीटरवरची टोली तयार वेगाने सात मिनिटांच्या आत येते, पायी मात्र 24 मिनिटं लागतात. अशा सरावातून गाव डोक्यात आकसतं. गंमत म्हणजे पांदणीवरून दुचाकी साधारण त्या तयार वेगानेच जाते. तेव्हा शिकणारा पायी जाणार की गाडीवर, ते ठरवून वेग बांधून टाका आणि पळण्याचं बटण काढून टाका.

गोडॉटमध्ये कॅमेऱ्याचा उभा कोन मुळात 75 अंश असतो. रुंद पडद्यावर आडवा कोन 107 अंशांपर्यंत जातो आणि कडेची घरं ताणली जातात. आम्ही 55 केला. डोळ्यांची उंची चालणाऱ्याला दीड मीटर.

डोळ्यांवर चढवायचा व्हीआर हेडसेट हवा का? वळण्याची जाणीव शरीरातून येते, फक्त माउस फिरवून माणूस काटकोनात वळला तरी त्याच्या मनाला ते पटत नाही, म्हणून पडद्यापुढे दिशा लवकर हरवते. हेडसेट आणि फिरती खुर्ची असेल तर हा दोष बराच कमी होतो. पण हेडसेटमध्ये अंतरं खऱ्यापेक्षा कमी वाटतात, आणि काहींना गरगरतं. या त्रासासाठी 1993 पासून 16 लक्षणांची एक प्रश्नावली जगभर वापरली जाते. तेवढी औपचारिकता नको असेल तर निदान दहा मिनिटांनी थांबवा, डोकं जड झालं का, मळमळतं का ते विचारा, आणि अर्धा तास तरी गाडी चालवू देऊ नका. आमच्याकडे पैसे नव्हते, आम्ही साध्या पडद्यावर केलं, आणि प्रत्येक वळणावर शिकणाऱ्याला खुर्चीसकट वळून मग परत पडद्याकडे यायला लावलं. बघणारे हसतात. हसू द्या.

मदत द्यायची, मग काढून घ्यायची

बहुतेक नवशिके पडद्यावर बाण टाकतात आणि शिकणारा बाणाच्या मागे जातो. तो वेळेत पोचतोही. दुसऱ्या दिवशी बाण काढा, पहिल्याच फाट्यावर उभा. जपानमध्ये 2008 साली प्रत्यक्ष रस्त्यांवर अशी तुलना झाली होती: जीपीएसच्या सूचनेवर चालणारे लोक कागदी नकाशावाल्यांपेक्षा आणि आधी एकदा वाट प्रत्यक्ष चाललेल्यांपेक्षा जास्त अंतर चालले, जास्त वेळा थांबले, आणि नंतर त्यांनी काढलेले नकाशे वाट प्रत्यक्ष चाललेल्यांपेक्षा कच्चे निघाले. आपला परिसर दुसरं जीपीएस होऊ नये.

आम्ही असा क्रम ठेवला. पहिल्या फेरीत कोणीतरी सोबत चालतो आणि खुणा बोलून दाखवतो. दुसऱ्या फेरीत शिकणारा बोलतो, सोबती गप्प. मग एकटं. मग तीच वाट उलट्या दिशेने, कारण उलट येताना मोह दुसऱ्याच बाजूने दिसतो आणि अनोळखी वाटतो. मग अडथळा: नाल्याला पाणी सोडायचं आणि काहीच न सांगता "धाकट्या टोलीवर जा" म्हणायचं. इथे वाट पाठ केलेला माणूस पाण्यासमोर थांबतो, आणि आराखडा डोक्यात असलेला मागे वळून पाळीकडे निघतो. हा एक प्रसंग दहा फेऱ्यांइतका शिकवतो, म्हणून तो वेगवेगळ्या ठिकाणी पुन्हा पुन्हा घाला.

नकाशा दाखवायचा की नाही? दाखवा, पण फिरण्याच्या आधी किंवा नंतर. फिरताना कोपऱ्यात नको. एका मोठ्या इमारतीत थॉर्नडाइक आणि हेज-रॉथ यांनी 1982 मध्ये पाहिलं की नकाशावरून शिकलेले सरळ रेषेतली अंतरं बरी सांगतात, तर तिथे वावरलेले लोक उभ्या जागेवरून दिशा दाखवण्यात सरस असतात. आपल्याला दोन्ही हवं.

आलं का, ते कसं कळणार

"छान वाटलं सर" हे उत्तर नव्हे. दर सेकंदाला शिकणारा कुठे आहे आणि कुठे पाहतो आहे ते फाइलमध्ये आपोआप लिहिलं जाईल अशी सोय करा. गोडॉटमध्ये ते दहा-पंधरा ओळींचं काम आहे. नंतर ती रेघ गावाच्या नकाशावर काढली की तो कुठे घुटमळला ते दिसतं. त्या फाट्यावर पुढच्या दिवशी जास्त सराव द्या.

दिशेची परीक्षा सोपी आहे. त्याला पाळीवर उभं करा, सगळं धूसर करा आणि विचारा, "शाळा कुठे? थोरली टोली कुठे?" तो दाखवेल ती दिशा आणि खरी दिशा यांतला फरक अंशांत मोजा. 350 आणि 10 यांतला फरक 20 असतो, 340 नाही. ही चूक नवशिक्याच्या कोडमध्ये हमखास सापडते. डोळे मिटून बोट दाखवणाऱ्याची सरासरी चूक 90 अंश येते. म्हणजे चूक 90 च्या आसपास असेल तर काहीच शिकला नाही. 30 च्या खाली आला की आम्ही पुढे जात असू. सरावाआधीही हीच परीक्षा घ्या, नाहीतर त्याला आधीच किती येत होतं ते कळणार नाही.

मग कोरा कागद द्या आणि गाव काढायला सांगा. चित्र सुंदर नको. नाला कुठल्या वाटा कापतो आणि टोल्या कोणत्या बाजूला आहेत, एवढंच तपासा.

आणि शेवटी खरं गाव. संगणकावर उत्तम गुण घेणारा एक मुलगा प्रत्यक्ष पांदणीवर पहिल्याच फाट्याला चुकला होता. आमच्या परिसरात त्या फाट्यावरची विहीर आम्ही थोडी मोठी, थोडी उजळ केली होती, दिसावी म्हणून. खरी विहीर बेशरमच्या झुडपांत दडलेली. तो चमकदार विहीर शोधत पुढे निघून गेला. त्याच संध्याकाळी आम्ही पडद्यावरच्या विहिरीभोवती बेशरम लावली. तेव्हापासून कुठलीही खूण खऱ्यापेक्षा ठळक करत नाही. ठळक करायचीच असेल तर पहिल्या दोन फेऱ्यांपुरती, आणि नंतर ती खऱ्यासारखी फिकी होत जाते.

दर वर्षी मृग लागायच्या आधी काकांना एकदा बोलावून घेतो. गेल्या खेपेला नाल्यावर रपटा (बुटका पूल) झाला होता आणि वाकडा मोह वादळात पडला होता. रपटा आम्ही टाकला, मोह काढला. काका म्हणाले, काढू नका, लोक अजून "मोहापाशी वळा" असंच सांगतात. आता तिथे बुंधा ठेवला आहे, आणि सोबत्याच्या पहिल्या फेरीत एक वाक्य वाढवलं आहे: "इथे मोह होता."